पालकांच्या विनंतीवरून

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा 'चांगली' असंच लिहिलेलं असतं. जवळच दुसरा रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. तिथे वडिलांची बदली, पुढील शिक्षण अशी कारणं सापडतात, आणि पुष्कळदा नुसतेच दोन शब्द: 'पालकांच्या विनंतीवरून'. मानसिक आजारामुळे शाळेबाहेर गेलेली मुलं शोधायची झाली तर ती याच दोन शब्दांखाली सापडतील. 'काढून टाकलं' असं कुठल्याच कागदावर नसतं.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण शाळेत समुपदेशन करणाऱ्या कुणालाही अनोळखी वाटणार नाही. नववीतली एक मुलगी. दिवाळीनंतर तिचं कशातच लक्ष लागेनासं झालं, चिडचिड वाढली, रात्रभर जागरण. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, गोळ्या सुरू झाल्या. शाळा सकाळी सातची, आणि गोळ्यांमुळे आठपर्यंत डोळे उघडत नाहीत. पहिले दोन तास रोज बुडतात, हजेरी साठ टक्क्यांवर येते. मग आईला शाळेत बोलावणं येतं. मुख्याध्यापक चहा मागवतात आणि अगदी आपुलकीने बोलतात. "ताई, तुमच्याच मुलीच्या भल्यासाठी सांगतोय. तिला आता आरामाची गरज आहे. दाखला काढून ठेवा. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून दहावी होऊन जाईल."

कुणी आवाज चढवत नाही, कुणी वेडीबिडी म्हणत नाही. आई घरी येऊन अर्ज लिहिते आणि वर 'विषय: दाखला मिळण्याबाबत विनंती' असं लिहिते. भेदभाव झाला, आणि तो ज्यांच्यावर झाला त्यांच्याच हस्ताक्षरात नोंदला गेला.

सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल माझं वाईट मत नाही, हे इथेच सांगून टाकतो. शाळा सुटलेल्यांना खाजगीरीत्या बोर्डाच्या परीक्षेला बसता यावं म्हणून राज्य मंडळाने ही वाट ठेवली आहे. गवंडीकाम करणारे, लवकर लग्न होऊन गेलेल्या बाया, हॉटेलात राबणारी पोरं या वाटेने दहावी-बारावी झाली आहेत. पण जी मुलगी शाळेत आहे, जिला शाळेत यायचं आहे, तिला बाहेरचा रस्ता दाखवायला तो फॉर्म नव्हता.

हीच मुलगी काविळीने दीड महिना अंथरुणाला खिळली असती तर? वर्गशिक्षिकेने फोन केला असता, मैत्रिणींनी वह्या पोचवल्या असत्या, वैद्यकीय दाखला जोडून हजेरीचं काय ते बघून घेतलं गेलं असतं. परत आल्यावर 'किती वाळलीस गं' म्हणून कौतुकही झालं असतं. कावीळ रक्ताच्या तपासणीत दिसते, डोळ्यांत दिसते. नैराश्य दिसतं ते आळस, उद्धटपणा, नाटकं यांच्या रूपात. मोठ्या माणसाचं नैराश्य उदास चेहऱ्याने येतं, पण किशोरवयात ते बऱ्याचदा चिडचिडीच्या वेषात येतं. रडणाऱ्या मुलाची दया येते, उलट उत्तर देणाऱ्याची येत नाही.

अशी मुलं किती असतील? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं, आणि महानगरांमध्ये १३.५ टक्के. साठ मुलांचा वर्ग धरला तर सरासरी चार मुलं झाली, महानगरात आठ. आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. चौदावं वर्ष म्हणजे आपल्याकडे आठवी-नववी. सगळ्यांचाच आजार दिव्यांगत्वाच्या पातळीला जातो असं नाही. बरेच जण उपचारांनी, आधाराने सावरतात. पण ज्यांचं शिकणंच अडतं, त्यांना कायदा दिव्यांग मानतो. हे शाळांना ठाऊक नसतं, आणि घरच्यांना ठाऊक असलं तरी तो शब्द उच्चारायचा नसतो.

शब्दांचा घोळ इथे मोठा आहे. 'मानसिक दिव्यांग' म्हटलं की आपल्यापुढे बौद्धिक वाढ कमी असलेलं मूल उभं राहतं. जुना शब्द 'मतिमंद' आणि 'मनोरुग्ण' हे दोन्ही बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी येतात. त्यामुळे गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या, पण मंत्रचळाने, म्हणजे ओसीडीने, जेरीस आलेल्या मुलालाही 'एखादी विशेष शाळा बघा' असा सल्ला मिळतो. कायद्यात हा घोळ नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. बौद्धिक अक्षमता वेगळी, विशिष्ट अध्ययन अक्षमता वेगळी, स्वमग्नता वेगळी आणि मानसिक आजार वेगळा. विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मृती यांतला असा मोठा बिघाड, की ज्यामुळे निर्णयशक्ती, वागणूक, वास्तव ओळखण्याची क्षमता किंवा रोजच्या आयुष्याच्या साध्या मागण्या पुऱ्या करणं फार अवघड होतं, अशी त्याची व्याख्या आहे. त्याआधीच्या, १९९५ च्या कायद्यात जेमतेम सात प्रकार होते, पण मानसिक आजार त्यातही होता. म्हणजे तीस वर्षं हा शब्द कायद्यात आहे. शाळेच्या उंबऱ्यापर्यंत पोचायला त्याला अजून वेळ लागतो आहे.

शेजारचं उदाहरण बघण्यासारखं आहे. वाचन-लेखनाची अडचण असलेल्या, म्हणजे डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता (एलडी) असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राने १९९६ मध्येच परीक्षेतल्या सोयी द्यायला सुरुवात केली. त्यामागे मुंबईतले डॉक्टर होते, चिवट पालक होते. २००७ मध्ये 'तारे जमीन पर' आला आणि घराघरात तो विषय पोचला. 'आमच्या मुलाला एलडी आहे' हे वाक्य पालकसभेत मोकळेपणाने बोलता येऊ लागलं. मराठी सिनेमाने मानसिक आजार हाताळला नाही असं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' स्किझोफ्रेनियावर होता. त्यांच्याच 'कासव'मध्ये नैराश्य होतं, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. पण हे सिनेमे शाळेच्या वर्गात घडत नाहीत. बाकावर बसलेल्या आजारी मुलाचं चित्र आपल्या डोळ्यांसमोर अजून उभंच राहिलेलं नाही.

ते जरा उभं करू, कारण सगळा वाद इथेच अडतो. 'सवलत द्या म्हणता, पण कशाची?' असं शिक्षक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे.

उभयध्रुवी विकार, म्हणजे बायपोलर, असलेल्या मुलाला लिथियम दिलेलं असू शकतं. या औषधाने हात थरथरतात, अक्षर बिघडतं, तहान फार लागते आणि लघवीला सारखं जावं लागतं. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषारी ठरू शकतं. आता शाळेचे तीन साधे नियम बघा: तास चालू असताना बाहेर जायचं नाही, पाणी मधल्या सुट्टीत प्यायचं, कवायतीला उन्हात सगळ्यांनी उभं राहायचं. तिन्ही नियम सगळ्यांना सारखे आहेत. या एका मुलासाठी तिन्ही धोक्याचे आहेत. टापटिपीचे दोन गुण कापले जातात ते वेगळंच.

मंत्रचळ असलेली मुलगी प्रश्न वाचते, परत वाचते, उत्तर लिहिते, खोडते, अक्षर 'बरोबर' वाटेपर्यंत पुन्हा लिहिते. तीन तासांत निम्मा पेपर होतो. बाईंना वाटतं, अभ्यास नाही. तिला अर्धा तास जादा दिला की काम झालं, असंही नाही. काहींच्या बाबतीत जादा वेळ मिळाला की तपासणंच वाढतं. त्यांना पेपर दोन भागांत दिलेला, वेगळ्या शांत खोलीत बसवलेलं जास्त उपयोगी पडतं. घबराटीचे झटके येणाऱ्याला दाराजवळचा बाक आणि न विचारता दोन मिनिटं बाहेर जायची मुभा पुरते. बाहेर जाता येईल एवढ्या भरवशावरच तो अनेकदा आत बसू शकतो. आपल्या नववीतल्या मुलीला काय हवं होतं? पहिले दोन तास सोडून नऊला येण्याची परवानगी, त्या तासांचं लेखन दुसऱ्या कुणाच्या वहीतून, आणि डॉक्टर गोळ्यांची वेळ बदलेपर्यंत दोन-तीन महिन्यांचा धीर.

यातल्या कशालाही बांधकाम लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. अडचण वेगळीच आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकदा बांधला की तो रोज तिथे असतो, कुणाला काही विचारावं लागत नाही. मानसिक आजार चढतो, उतरतो. मार्चमध्ये काहीच लागत नाही, जुलैत सगळं लागतं. मग 'परवा तर मैदानात हसत होती' हे वाक्य पुरावा म्हणून पुढे येतं. बऱ्या दिवसामुळे वाईट दिवस खोटा ठरतो.

कायदा अशा बदलांना जे नाव देतो त्याला मराठीत मी 'वाजवी सोय' म्हणेन. 'सवलत' हा आपल्याकडचा रूढ शब्द मला आवडत नाही. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, एसटीच्या अर्ध्या तिकिटासारखी, आणि घेणाऱ्याला ओशाळं करते. एखाद्या व्यक्तीची गरज पाहून केलेले आवश्यक आणि योग्य बदल, ज्यांचा संस्थेवर अवाजवी बोजा पडत नाही आणि ज्यांच्यामुळे ती व्यक्ती इतरांच्या बरोबरीने हक्क वापरू शकते, असा कायद्यातला अर्थ आहे. खरी मेख भेदभावाच्या व्याख्येत आहे. कलम २ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच. म्हणजे शाळेने हाकललं पाहिजे, शिवी दिली पाहिजे, असं काही नाही. 'नियम सगळ्यांना सारखा' म्हणून हात झटकले तरी पुरतं. कलम १६ प्रमाणे शासनमान्य आणि अनुदानित शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे सोय करायची. कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीत बदल, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा नावानिशी उल्लेख आहे.

मग शाळेच्या कचेरीत हमखास येणारा प्रश्न येतो: "सर्टिफिकेट आहे का? किती टक्के?"

हे टक्के कसे ठरतात ते समजून घेण्यासारखं आहे. मानसिक आजाराने येणारं दिव्यांगत्व मोजायला भारतात 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती तयार केली. चार गोष्टी पाहायच्या: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम. विद्यार्थ्याच्या बाबतीत काम म्हणजे अभ्यास. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. त्यात आजार किती काळचा आहे याचे एक ते चार गुण मिळवायचे. एकूण वीस. सात किंवा जास्त झाले तर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक, सहापर्यंत आले तर सौम्य, म्हणजे ४० च्या खाली.

आता आपल्या मुलीचा हिशोब करू. अंघोळ, जेवण, कपडे नीट चालू आहे: शून्य. मैत्रिणींपासून तुटली आहे: एक. बोलणं कमी झालं आहे: एक. अभ्यास जवळपास बंद: तीन. आजार पाच महिन्यांचा: एक. बेरीज सहा. एका गुणाने राहिली. आणखी काही वर्षं आजारी राहिली, घरातून बाहेर पडणं थांबलं, केस विंचरणं थांबलं, की ती सहज पात्र होईल. मोजपट्टी चुकीची आहे असं मला म्हणायचं नाही. निवृत्तिवेतन, राखीव जागा अशा गोष्टींसाठी कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ही पट्टी मुख्यतः दीर्घ आजाराने खचलेल्या प्रौढांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली दिसते. पण पंधरा वर्षांच्या मुलीला दाराजवळचा बाक द्यायचा की नाही, हे या पट्टीवरून ठरवणं म्हणजे छत्री देण्याआधी माणूस किती टक्के भिजला ते मोजणं.

सर्वोच्च न्यायालयाने याचा निकाल २०२१ मध्येच लावला आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हे ते प्रकरण. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण त्याचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांचा उंबरठा गाठत नव्हतं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ११ फेब्रुवारीला सांगितलं की ४० टक्क्यांची अट राखीव जागांसारख्या ठरावीक लाभांसाठी आहे, वाजवी सोयीचा हक्क तिच्याशी बांधता येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्ग्राफिया, म्हणजे लेखनाची अध्ययन अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून तिथे पोचलं. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या केंद्रावर तिला हक्काचा जादा तास मिळाला नव्हता. न्यायालयाने पुन्हा परीक्षा घ्यायला लावली नाही, पण झालेला अन्याय कसा भरून काढणार ते परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला ठरवायला लावलं आणि टक्क्यांबद्दलची भूमिका पुन्हा ठामपणे मांडली. तेव्हा 'किती टक्के?' हा प्रश्न सोयीसाठी गैरलागू आहे. डॉक्टरांचं निदान आणि नेमकी गरज सांगणारं पत्र पुरेसं असायला हवं. शाळेच्या कचेरीतल्या कारकुनापर्यंत हे पोचलेलं नाही, त्याला दोष देऊन उपयोग नाही.

उलट बाजूचीही एक गंमत, खरं तर खंत, आहे. कमी टक्के भरले तर सोय नाही, आणि जास्त भरले तर? वैद्यकीय प्रवेशासाठी २०१९ मध्ये निघालेल्या नियमांत मानसिक आजारासमोर असा शेरा होता की आजाराचं प्रमाण ठरवायला वस्तुनिष्ठ पद्धत नसल्याने राखीव जागेची शिफारस सध्या करता येत नाही. ज्या पट्टीने सरकार निवृत्तिवेतन देतं, तीच पट्टी डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलापुढे वस्तुनिष्ठ राहिली नाही!

शिस्तीचा मुद्दा याहून अवघड आहे, आणि इथे शाळांची बाजूही ऐकली पाहिजे. हजेरी कमी असणं एक, वर्गात खुर्ची फेकणं दुसरं. साठ मुलांच्या वर्गात एका शिक्षिकेने काय करावं? बाकीच्यांचे पालक दारात उभे असतात. 'उद्या काही झालं तर जबाबदार कोण?' हा प्रश्न मुख्याध्यापकांना खरोखर झोपू देत नाही. त्यातूनच पालकांकडून हमीपत्र लिहून घेणं, 'फिट आहे' असा दाखला आणल्याशिवाय वर्गात न बसवणं असले प्रकार सुरू होतात.

अमेरिकेत या प्रश्नावर १९८८ मध्ये होनिग विरुद्ध डो हा निकाल आला. सॅन फ्रान्सिस्कोतला एक मुलगा, भावनिक विकार असलेला. चिडवणाऱ्या वर्गमित्राचा त्याने गळा धरला, जाताना खिडकीची काच लाथेने फोडली. शाळेने त्याला बेमुदत बाहेर काढलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दिव्यांगत्वातून घडलेल्या वर्तनासाठी शाळा एकतर्फी मुलाला काढू शकत नाही. वातावरण निवळावं म्हणून दहा दिवसांपर्यंत दूर ठेवता येईल, तेवढ्यात पालकांबरोबर बसून पुढचं ठरवा, आणि खराच धोका असेल तर न्यायालयात या. या कडकपणामागे इतिहास होता. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा तिथला कायदा १९७५ मध्ये झाला तेव्हा दर आठ दिव्यांग मुलांपैकी एक सरकारी शाळांच्या पूर्ण बाहेर होतं, आणि बाहेर ठेवायला शिस्त हे हाताशी असलेलं निमित्त होतं. आता तिथे नियमच आहे. दिव्यांग मुलाला दीर्घकाळ काढायचं ठरवलं तर शाळेच्या दहा दिवसांत बैठक घेऊन आधी हे तपासायचं, की हे वर्तन आजारातून आलं का, किंवा ठरलेली सोय शाळेने न दिल्यामुळे घडलं का. दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात शाळेलाही आरशासमोर उभं केलेलं आहे.

आपल्या शाळांत अशी बैठक घेण्याची पद्धत नाही. पण तत्त्व आलेलं आहे, आणि ते आलं केंद्रीय राखीव पोलीस दलातून! ओसीडी आणि तीव्र नैराश्य असलेल्या एका अधिकाऱ्यावरच्या खातेनिहाय कारवाईचं प्रकरण १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलं. मानसिक दिव्यांगत्व असलेली व्यक्ती ठरलेल्या चौकटीत वागू शकण्याची शक्यता मुळात कमी, म्हणून तिच्यावर शिस्तभंगाची कारवाई होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. त्यामुळे अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभावाचा एक पैलू ठरतो, असं न्यायालयाने म्हटलं. बंदूक हाताळणाऱ्या दलाच्या शिस्तीला जे तत्त्व लागू होतं, ते आठवी 'ब'च्या शिस्तीला लागू होऊ नये असं काही दिसत नाही.

आठवी म्हटल्यावर आणखी एक कायदा आठवतो. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढायला बंदी आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळालाही कलम १७ ने मनाई आहे. नववीपासून काढून टाकण्यावरची ही बंदी संपते. नेमक्या याच वयात नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया डोकं वर काढायला लागतात, आणि नेमकी याच वर्षी शाळेला दहावीच्या शंभर टक्के निकालाची काळजी लागते. आजारी, हजेरी कमी असलेली, नापास होऊ शकणारी मुलगी नववीतच पटावरून गेली तर निकालाच्या फलकावर उणं दिसत नाही. हे कुणी उघड बोलत नाही, आणि प्रत्येक मुख्याध्यापक असा हिशोब करतो असंही मी म्हणणार नाही. पण हिशोब करायला जागा आहे. तिथे उरतो तो २०१६ चा कायदा. त्याच्या कलम १६ ला इयत्तेची मर्यादा नाही.

घरचेही या खेळात असतात. आजार लपवायचा, सोय मागायची नाही, 'टायफॉइड झाला होता' म्हणून सांगायचं. त्यांना नावं ठेवण्यापूर्वी स्टाफरूमची कल्पना करावी. डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने घातलेलं आहे. पण डॉक्टरांचं पत्र शाळेत गेलं की ते कुठल्या कपाटात राहतं, कोण वाचतं, शिपायापासून रिक्षावाल्या काकांपर्यंत कसं पोचतं, याला लगाम नाही. 'ठाण्याला दाखवलं का?' असा, तिथल्या मनोरुग्णालयावरून, विनोद मुंबईकडे अजून होतो. मुलीचं लग्न, धाकट्या भावाचा प्रवेश, सोसायटीतली कुजबुज असं सगळं त्या एका पत्राला लटकलेलं असतं. म्हणून पत्रात निदानापेक्षा गरज लिहिणं शहाणपणाचं. 'औषधामुळे सकाळी गुंगी असते, नऊपर्यंत येऊ द्यावं, वर्गात पाण्याची बाटली जवळ असावी' एवढं वर्गशिक्षिकेला पुरतं. आजाराचं नाव मुख्याध्यापक किंवा समुपदेशक यांच्यापाशी, बंद पाकिटात.

समुपदेशक असला तर, अर्थात. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, वर्षातून दोनदा कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, गुणांवरून तुकड्या न पाडणं, चारचौघांत अपमान न करणं अशा त्या सूचना आहेत. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. कागदावर हे फार मोठं पाऊल आहे. पण निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणं आणि पोषण आहाराचे हिशोब सांभाळणाऱ्या शिक्षकांच्याच गळ्यात 'समुपदेशक' अशी पाटी पडू नये, एवढी भीती वाटते.

शाळा ऐकतच नसेल तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. चौकशीच्या कामात आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, साक्षीदार बोलावता येतात, कागदपत्रं मागवता येतात. कायद्याचा भंग सिद्ध झाला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. मात्र आयुक्तांसमोर फाइल उघडते तेव्हा त्यात पहिला कागद कोणता असतो? बहुतेक वेळा आईच्या हस्ताक्षरातला तो विनंती अर्ज. शाळा म्हणते, आम्ही काढलंच नाही, पालकांनीच दाखला मागितला. आणि कागद शाळेच्या बाजूने बोलतो.

म्हणून त्या केबिनमध्ये परत जाऊ. चहा निवला आहे, मुख्याध्यापक आपुलकीने बोलून थांबले आहेत. आईने तिथेच कागद मागून घ्यावा. तोही विनंती अर्जच असेल. विषय: 'इयत्ता नववीतील माझ्या मुलीस दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६ नुसार वाजवी सोय मिळण्याबाबत'. खाली चार ओळी: नऊची वेळ, दाराजवळचा बाक, पाण्याची बाटली, चुकलेली घटक चाचणी पुन्हा. सोबत डॉक्टरांचं पत्र. शेवटी एक वाक्य, 'यातील जी सोय देता येणार नाही तिचे कारण लेखी कळवावे'. मग अर्जाची दुसरी प्रत कचेरीच्या खिडकीत सरकवायची, आणि तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडेपर्यंत तिथून हलायचं नाही.